मॅट्रिकची वेस

‘मॅट्रिक्युलेशन’ म्हणजे विद्यापीठाच्या पटावर नांव चढणें. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, आणि १८५९ पासून ही परीक्षा तें स्वतःच घेऊं लागलें. शाळेचा अभिप्राय कांहींही असो, विद्यापीठानें उत्तीर्ण ठरविलेल्या मुलास कॉलेजची वाट मोकळी होई. विसाव्या शतकांत तेथून बी. ए. पर्यंत चार वर्षांचा क्रम रूढ होता.

खानदेशांत मात्र वेस ओलांडली तरी गांव दूरच राही. जळगांवच्या मुलास पुण्यास किंवा मुंबईस जावें लागे. धुळ्याचा मुलगा आधीं चाळीसगांवास येऊन मोठी गाडी धरी. पुष्कळ घरांत खरी अडचण गुणांची नसे, खाणावळीच्या व खोलीच्या खर्चाची असे. आणि मुलींच्या बाबतींत हा हिशेब बहुधा मांडलाच जात नसे. नवल असें कीं, अमळनेरास प्रतापशेटजींच्या औदार्यानें तत्त्वज्ञानाची संशोधनसंस्था १९१६ सालींच उभी राहिली. पण इंटरच्या वर्गासाठीं त्याच गांवास १९४५ पर्यंत थांबावें लागलें! त्या सुमारास तेथें प्रताप कॉलेज व जळगांवास मूळजी जेठा कॉलेज निघालें, आणि घरची भाकरी खाऊन कॉलेजांत जाणें प्रथमच शक्य झालें.

पुढें मॅट्रिक जाऊन शालान्त परीक्षा आली, मग दहावी-बारावी. जळगांवास स्वतंत्र विद्यापीठ १९९० सालीं मिळालें. २०१८ पासून त्यास बहिणाबाई चौधरींचें नांव आहे. बहिणाबाईंस लिहितां-वाचतां येत नव्हतें.