न पाहिलेल्या दुकानदाराची पत

इ. स. १९९५ च्या सप्टेंबर महिन्याच्या ३ तारखेस अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत, सॅन होझे या शहरीं, पिअर ओमिद्यार नांवाच्या एका तरुण संगणकतज्ज्ञानें इंटरनेटवर लिलावाचें एक लहानसें दालन उघडलें. त्यांत विकली गेलेली पहिली वस्तु म्हणून जिचा उल्लेख केला जातो, ती म्हणजे लेसर किरण टाकणारी एक मोडकी कांडी. तिला १४ डॉलर ८३ सेंट आले. ही मोडकी आहे हें ध्यानांत आलें आहे ना, असें ओमिद्यारनें विचारलें, तेव्हां आपण मोडक्याच कांड्या जमवितों, असें घेणारानें कळविलें. पुढें ईबे या नांवानें जगभर पसरलेल्या बाजाराचा आरंभ असा एका सरळ व्यवहारानें झाला. विकणारानें दोष लपविला नाहीं आणि घेणारानें तो पाहूनच पैसे मोजले.

परंतु सगळेच विकणारे असे कोठून असणार? जुन्या बाजारांतला लिलाव डोळ्यांदेखत होतो. माल हातांत घेऊन पाहतां येतो, विकणाराचा चेहरा दिसतो, शेजारच्या दुकानदारास त्याच्याविषयीं हळूच विचारतां येतें. या नव्या बाजारांत घेणारा एका टोकास, विकणारा हजार मैलांवर, मध्यें केवळ एक टोपणनांव. आणि पैसे बहुधा आधीं पाठवावयाचे. तक्रारी ओमिद्यारकडे येऊं लागल्या. प्रत्येक तंट्याचा निवाडा करीत बसण्याऐवजीं १९९६ च्या फेब्रुवारींत त्यानें सर्वांपुढें एक उघडी वही मांडली. व्यवहार झाल्यावर एकानें दुसऱ्याविषयीं शेरा लिहावा. चांगल्यास एक गुण अधिक, वाईटास एक गुण उणा, मधल्यास शून्य. बेरीज उणे चारावर गेली कीं त्या नांवाला बाजार बंद. मराठींत जिला पत म्हणतात ती अशी एका आंकड्यांत बसवून दारावर टांगण्यांत आली.

युक्ति नवी दिसते, पण तिचें कुळ जुनें आहे. १८३७ सालीं अमेरिकेंत व्यापारी पेढ्या धडाधड बुडाल्या. न्यूयॉर्कमध्यें थोरल्या भावाबरोबर रेशमाचा व्यापार करणाऱ्या लुईस टॅपन यास त्याची झळ चांगलीच लागली. दूरदूरच्या गांवांचे दुकानदार त्या शहरीं येऊन उधारीवर माल उचलीत, आणि त्यांपैकीं कोण फेडील व कोण बुडवील हें पेढीवर बसून कळत नसे. टॅपननें १८४१ सालीं एक कचेरीच काढली. गांवोगांवचे वकील तेथील दुकानदारांची मालमत्ता, चालचलन, व्यसनें कळवीत. कारकून तें जाड वह्यांत उतरवीत. आणि वर्गणीदार व्यापारी येऊन ऐकून जात. पुढें राष्ट्राध्यक्ष झालेला अब्राहम लिंकन हाही या वार्ताहर वकिलांपैकीं एक होता. या वह्या हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयांत जपून ठेवलेल्या असून त्यांची संख्या २५०० हून अधिक आहे.

या पद्धतीचें सारें बळ एकाच गोष्टींत होतें. शेरा कोणी लिहिला हें फुटूं द्यावयाचें नाहीं. ओहायो संस्थानांतील एका दुकानदारानें बेअब्रूची फिर्याद लावली, तेव्हां वार्ताहराचें नांव सांगण्यास कचेरीचा चालक बेंजामिन डग्लस यानें नकार दिला आणि त्यापायीं वीस दिवस तुरुंगांत काढले. नांव फुटतें तर दुसऱ्या दिवसापासून सर्व वकील गोडच लिहूं लागले असते. अर्थात् झांकल्या नांवाच्या शेऱ्यांत चहाडी व सूडही शिरतो, आणि ज्या बिचाऱ्याविषयीं तो लिहिला जाई त्याला तो पाहावयासही मिळत नसे. एखाद्याचा संसार दुसऱ्याच्या लेखणीवर टांगलेला राही.

ओमिद्यारची वही याच्या नेमकी उलट. दोघेही एकमेकांस गुण देणार आणि कोणी काय लिहिलें हें उभ्या जगास दिसणार. परिणाम व्हावयाचा तोच झाला. गिऱ्हाइकाचा शेरा येईपर्यंत विकणारे आपला शेरा हातांत राखून ठेवूं लागले. तिकडून वाईट आला कीं इकडूनही वाईट! फुटकी बशी हातीं पडलेलें गिऱ्हाईकसुद्धां मग "उत्तम व्यवहार" असें लिहून मोकळें होई, नाहीं तर कांहींच लिहीत नसे. पॉल रेस्निक व रिचर्ड झेकहाउसर या विद्वानांनीं १९९९ सालचे व्यवहार तपासले. शंभरांपैकीं सुमारें ५२ गिऱ्हाइकांनीं शेरा लिहिला होता. आणि लिहिलेल्या शेऱ्यांपैकीं शेंकडा ९९·१ चांगले, वाईट अवघे शेंकडा ०·६. इतका पुण्यवान बाजार पृथ्वीच्या पाठीवर आणखी कोठें असल्यास कळत नाहीं! म्हणूनच त्या काळांतील वाईट शेऱ्याचें वजन फार. शंभर गोड शेऱ्यांत पांचसहा कडू दिसले, तर ते भीति मोडून लिहिलेले असत, आणि न लिहिलेले त्यांच्यामागें किती, हा हिशेब घेणारानें मनाशींच करावयाचा असे. ज्याच्या खात्यावर पूर्वींच्या तक्रारी आहेत, त्याच्याविषयीं पुढेंही तक्रार होण्याचा संभव अधिक, असेंही या दोघांस आढळलें.

मग अशा विकणाराच्या वाटेस मुळींच जाऊं नये काय? उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं, कारण या बाजारांत नांवें फार स्वस्त. २००० सालच्या मे महिन्यांत कॅलिफोर्नियांतील एका वकिलानें एक चित्र लिलावास ठेवलें. पहिली बोली पंचवीस सेंटांची. चित्रावर 'आर. डी. ५२' अशीं अक्षरें होतीं, पण चित्रकाराचें नांव त्यानें मुद्दामच घेतलें नाहीं. लहान मुलाच्या खेळगाडीनें त्यास भोंक पडलें, अशी भोळी हकीगत मात्र जोडली. नामांकित चित्रकार रिचर्ड डीबेनकॉर्न याचें अस्सल काम एका अजाण माणसाच्या हातीं लागलें आहे, अशा समजुतीनें बोली चढत गेली ती १,३५,८०५ डॉलरांवर थांबली. त्या बोलींत विकणाराचीच एक होती हें उघड होतांच ईबेनें तो लिलाव रद्द केला. तिघां जणांनीं मिळून चाळीसाहून अधिक टोपणनांवें काढून शेंकडों लिलावांत खोट्या बोली लावल्या होत्या, असें चौकशींत निघालें.

ज्यास चाळीस नांवें घेतां येतात, त्यास एक बदनाम नांव टाकून देण्यास किती वेळ लागतो? भामटा बहुधा कोऱ्या पाटीनें येतो. उलट, डाग पडलेलें नांवच जो धरून बसला आहे, त्याला त्या नांवाखालीं जमविलेल्या चांगल्या शेऱ्यांची कांहीं तरी किंमत वाटत असलीच पाहिजे. रेस्निक व त्याच्या सहकाऱ्यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. जुनीं पोस्टकार्डें विकणाऱ्या एका जुन्या, नांवाजलेल्या विक्रेत्यानें सारख्याच प्रतीचीं पोस्टकार्डें कांहीं स्वतःच्या व कांहीं अगदीं नव्या नांवांनीं विकलीं. जुन्या नांवास लोक शेंकडा ८·१ अधिक देण्यास तयार झाले. नव्या नांवांपैकीं कांहींवर एकदोन वाईट शेरे होते, कांहीं स्वच्छ होतीं. पण तेवढ्यानें किंमतींत फरक पडला नाहीं. कोऱ्या नांवावरचा अविश्वास मुळांतच इतका, कीं एखाद्या डागानें तो आणखी वाढावयास जागा नव्हती!

ईबेच्या चालकांस उघड्या वहीचा दोष कळावयास बरींच वर्षें लागलीं. २००७ सालीं वर्णनाचा खरेपणा, पत्रव्यवहार, रवानगीचा वेळ व रवानगीचा आकार या चार बाबतींत पांचांपैकीं तारे देण्याची सोय झाली, आणि ते कोणी दिले हें विकणारास कळेनासें झालें. टॅपनची जुनी खूण पुन्हां उपयोगीं पडली. २००८ च्या मे महिन्यापासून विकणारानें गिऱ्हाइकास वाईट शेरा देणेंच बंद करण्यांत आलें. या बेताविरुद्ध विक्रेत्यांनीं फेब्रुवारींतच संप पुकारला होता. आतां गिऱ्हाईक वाईट शेऱ्याचा धाक घालून पैसे उकळील, अशी त्यांची ओरड होती व ती अगदींच निराधार नव्हती. मात्र तेव्हांपासून कडू शेरा लिहिण्यास पूर्वीं लागे तें धैर्य लागेनासें झालें, आणि आंकड्यापेक्षां तक्रार कशाची हें वाचणें अगत्याचें झालें. पार्सल आठ दिवस उशिरां धाडणारा आणि नकली घड्याळ अस्सल म्हणून विकणारा, दोघांचेही गुण सारखेच उणे होतात.

मुंबईंत २००० सालीं निघालेली बाझी ही लिलावाची कंपनी ईबेनें २००४ सालीं विकत घेतली. येथील गिऱ्हाइकास नुसत्या ताऱ्यांवर विसंबून पैसे आधीं पाठवावयास सांगणें कठीण होतें. म्हणून पैसापे नांवाची व्यवस्था चालली : घेणाराचे पैसे मध्यस्थाकडे राहावयाचे, व माल पोंचल्यावर ते विकणारास मिळावयाचे. ज्याचे तारे कमी, त्याच्याशींही मग व्यवहार करण्यास माणूस धजत असे. ईबेचा हा भारतांतील बाजार १४ ऑगस्ट २०१८ रोजीं बंद झाला.