क्रुसाची वाट: कॅथलिक आणि सीएनआय मंडळींना एकत्र चालायचं तर

क्रुसाची वाट म्हणजे येशूला शिक्षा झाल्यापासून कबरेपर्यंतचे १४ टप्पे. प्रत्येक टप्प्याला थांबून वाचन, प्रार्थना, मग पुढं. आपल्याकडं ही भक्ती मुख्यतः कॅथलिकांची. नगरला १८३१ मध्ये आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या बहुतेक मंडळ्या १९७० मध्ये सीएनआयमध्ये गेल्या. तिथं उत्तम शुक्रवारी सात शब्दांवर संदेश असतो. सासर एका पंथाचं, माहेर दुसऱ्या, अशा घराच्या त्या दिवशी दोन वाटा होतात.

अडतं कुठं? येशूचं तीनदा पडणं, वेरोनिकानं तोंड पुसणं हे बायबलात नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ मध्ये रोमला फक्त बायबलातले १४ टप्पे घेतले, सुरुवात गेथशेमाने बागेपासून. एकत्र निघायचं तर हीच यादी धरावी. शेतावरून येताना क्रूस वाहायला धरलेला कुरेनेकर शिमोन तर दोन्ही याद्यांत आहे.