बिशपच्या हातात नक्की काय होतं?

माझ्या पहिल्या प्रकरणाच्या कच्च्या खर्ड्यात एक वाक्य होतं: 'बिशपने चॅपलेनची बदली केली.' मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं, "बदलीचा अधिकार कोणाचा?" उत्तर शोधण्यात तीन महिने गेले. तुमचे वाचावेत म्हणून ही पोस्ट.

अँग्लिकन डायोसिस म्हणजे धर्मप्रांत. त्याचं चित्र आपण शिडीसारखं काढतो: वर बिशप, मग आर्चडीकन, मग पाळक. खुद्द इंग्लंडमध्येही ते पुरतं खरं नव्हतं (पाळकाचं नाव सुचवायचा हक्क कित्येक ठिकाणी गावच्या जमीनदाराकडे असे!). हिंदुस्थानात तर शिडीचा खर्चच ईस्ट इंडिया कंपनी करत होती. 1813 च्या सनदी कायद्याने एक बिशप आणि कलकत्ता, मद्रास, मुंबईसाठी तीन आर्चडीकन मंजूर केले. बिशपला वर्षाला 5000 पौंड, आर्चडीकनला 2000, आणि हा पैसा इथल्या महसुलातून.

1814 मध्ये थॉमस मिडल्टन कलकत्त्याचे पहिले बिशप झाले. मुंबईही त्यांच्याच धर्मप्रांतात. पण चॅपलेन हे कंपनीचे नोकर. कोण कुठल्या ठाण्यावर जाणार, ते सरकार ठरवी. मिशनरी तर सनदेच्या चौकटीत बसतच नव्हते, म्हणून त्यांना परवाना द्यायला मिडल्टन कचरले. हिंदी माणसाला पाळकपदाची दीक्षा देता येते का, हीसुद्धा त्यांना शंका. ती 1823 च्या कायद्याने मिटली आणि 1825 मध्ये बिशप हेबर यांनी अब्दुल मसीह यांना दीक्षा दिली. म्हणजे बघा, प्रश्न श्रद्धेचा वाटतो, पण अडलं होतं कायद्याच्या शब्दांवर.

मुंबईचा वेगळा धर्मप्रांत 1837 चा. इथलेच आर्चडीकन थॉमस कार पहिले बिशप झाले आणि फोर्टमधलं सेंट थॉमस चर्च कॅथेड्रल ठरलं. इमारत 1718 पासूनची तीच. बिशपचं आसन आलं, एवढाच फरक. सरकारशी कायदेशीर नातं तुटलं ते थेट 1930 मध्ये. मग मात्र बिशप, पाळक आणि सामान्य सभासद अशा तिघांच्या परिषदांचं वजन वाढलं. त्यामुळे 1930 नंतरचं काम करणार असाल तर परिषदांची इतिवृत्तं आधी काढा. त्याआधीचं असेल तर चर्चच्या कपाटाइतकीच सरकारी दप्तरंही चाळा.

माझी ती 'बदली' तिथेच सापडली. बिशपचं पत्र होतं खरं, पण ती शिफारस. हुकूम सरकारचा, आणि त्यात नाव तिसऱ्याच चॅपलेनचं.