समाजसेवेचें शिक्षण : व्रत, विद्या आणि वृत्ति

समाजसेवा शिकवावी लागते काय, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे, आणि तो विचारणारे लोक अविचारी असतात असें नाहीं. आंधळ्याला वाट दाखवावी, भुकेल्याला घांस द्यावा, आजाऱ्याच्या उशाशीं बसावें, हें शिकण्यासाठीं कोणी वर्गांत जाऊन बसत नाहीं. घरांतील वडील माणसांचें आचरण पाहून तें अंगीं येतें. मग पदवीधर झालेल्या मुलानें किंवा मुलीनें आणखी दोन वर्षें खर्चून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घ्यावयाची ती कशासाठीं? मिरा रोड किंवा भाईंदर येथील एखाद्या सुशिक्षित कुटुंबांत हा विषय निघाला, म्हणजे त्याच्या पाठोपाठ दुसराहि प्रश्न येतो: यावर पोट भरेल काय? या दोन्ही प्रश्नांना केवळ मतानें उत्तर देण्यापेक्षां इतिहासानें दिलेलें बरें. आणि सुदैवानें तो इतिहास फार दूरचा नाहीं. त्याचा उगम मुंबईंतच, भायखळ्याजवळच्या नागपाड्यांत आहे.

प्रथम या शाळेच्या पूर्वींचा काळ पाहूं. महाराष्ट्रांत सेवेची परंपरा मोठी. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाईंनीं देह ठेवला. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम स्थापिला. विठ्ठल रामजी शिंदे यांनीं १९०६ सालीं मुंबईंत अस्पृश्यवर्गासाठीं मिशन सुरू केलें. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या प्रयत्नानें १९०९ सालीं पुण्याचें सेवासदन उभें राहिलें. यांपैकीं कोणाजवळहि सेवेची पदवी नव्हती. स्वतःचें आयुष्य हेंच त्यांचें भांडवल. या सर्वांचें कार्य एका शब्दांत सांगावयाचें तर तें व्रत होतें.

परंतु व्रत घेतल्यानें ज्ञान येतें असें नाहीं, हें त्या काळींहि जाणत्यांच्या ध्यानांत आलें होतें. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०५ सालीं भारत सेवक समाज स्थापन केला तेव्हां नव्या सभासदानें प्रथम पांच वर्षें उमेदवारी करावी, अभ्यास करावा, देश हिंडून पाहावा, असा नियम घातला. सेवेला शिक्षण लागतें, ही कल्पना परदेशांतून येण्यापूर्वींच पुण्यांत एका नियमाच्या रूपानें हजर होती, असें म्हणण्यास हरकत नाहीं. याच समाजाचे नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ सालीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग काढली, आणि गिरणगांवांत रात्रीच्या शाळा, वाचनालयें, औषधोपचार अशीं कामें चालविलीं. तथापि व्रताला एक मर्यादा असते. त्याचें तेज मोठें, पण व्रतस्थांची संख्या नेहमींच थोडी. जन्मभर अल्प वेतनावर राहण्याची प्रतिज्ञा प्रत्येकाला करतां येत नाहीं. ज्याच्यावर म्हाताऱ्या आईबापांचा भार आहे त्याला तर नाहींच. आणि गिरण्यांच्या मुंबईंत एकेका खोलींत दोनदोन बिऱ्हाडें राहत असतां मूठभर व्रतस्थ किती ठिकाणीं पुरे पडणार?

हाच पेंच त्या सुमारास पश्चिमेकडील मोठ्या शहरांनाहि पडला होता. लंडनमध्यें १८८४ सालीं टॉयन्बी हॉल व शिकागोमध्यें १८८९ सालीं जेन ॲडम्सबाईंचें हल हाउस निघालें. सुशिक्षितांनीं गरीब वस्तींतच बिऱ्हाड करावें, दाता म्हणून न जातां शेजारी म्हणून राहावें, हा त्यांचा मार्ग. पुढें १८९८ सालीं न्यू यॉर्कमध्यें अशा कार्यकर्त्यांसाठीं उन्हाळी वर्ग भरला आणि त्यांतून शाळा निर्माण झाली. यावर आक्षेपहि आले. वैद्यकीय शिक्षणाची कठोर चिकित्सा करून नांव मिळविलेले एब्राहम फ्लेक्स्नर यांनीं १९१५ सालीं एका परिषदेंत सरळ विचारलें, कीं समाजकार्य हा डॉक्टरकी-वकिलीसारखा स्वतंत्र पेशा आहे काय? त्यांचें उत्तर बव्हंशीं नकारार्थी होतें. या कामाला स्वतःचें असें तंत्र नाहीं, असें त्यांचें म्हणणें. दोन वर्षांनीं, १९१७ सालीं, मेरी रिचमंडबाईंनीं एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. अडचणींत सांपडलेल्या कुटुंबाची माहिती कशी मिळवावी, ती पारखून कशी घ्यावी, आणि निदान कसें करावें, याची पद्धति त्यांत सांगितली होती. आक्षेपाला हें कामाच्या भाषेंतलें उत्तर झालें.

याच शिकागो शहरांत शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ सालीं अमेरिकन मराठी मिशनतर्फें मुंबईंत आले. या मिशनचा महाराष्ट्राशीं संबंध १८१३ पासूनचा. १९२७ सालीं नागपाड्यांत 'नागपाडा नेबरहुड हाउस' उघडलें, आणि मॅन्शार्ट त्याचे प्रमुख झाले. नांवाप्रमाणेंच तें शेजाराचें घर होतें. नागपाडा म्हणजे दाट वस्तीचा, नाना धर्मांच्या व नाना भाषांच्या लोकांचा भाग; शेजारींच कामाठीपुरा. दारू, कर्ज, वेश्याव्यवसाय, रोगराई हीं दुःखें तेथें पुस्तकांत वाचावीं लागत नसत. तेथें काम करतांना मॅन्शार्ट यांना दिसून आलें, कीं सद्भावनेचे लोक मिळतात, पण काम जाणणारे मिळत नाहींत. आणि परदेशांतून माणसें आणून हें भागणार नाहीं.

इकडे सर दोराबजी टाटा यांनीं आपली संपत्ति लोककार्यासाठीं विश्वस्तांकडे सोंपविली होती. १९३२ सालीं ते वारले. तो पैसा कसा खर्चावा, याचा विचार चालूं असतां मॅन्शार्ट यांनीं विश्वस्तांपुढें समाजकार्याच्या कायम शिक्षणसंस्थेची योजना मांडली. तिला रूप येऊन १९३६ च्या जून महिन्यांत 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' ही संस्था नागपाड्याच्या त्याच घरांत सुरू झाली. पहिल्या तुकडींत विद्यार्थी वीस. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, आणि शेवटीं पदविका. हिंदुस्थानांतील अशा प्रकारची ही पहिलीच संस्था होय.

शाळेची जागा येथें लक्षांत घेण्यासारखी आहे. कॉलेजच्या आवारांत वर्ग भरवून विद्यार्थ्यांना अधूनमधून वस्ती दाखविण्यास नेलें असतें, तर ती सहल झाली असती. येथें वस्तींतच वर्ग भरला. शिक्षणाचा अर्धा भाग प्रत्यक्ष कामाचा ठरला. त्याला आतां क्षेत्रकार्य म्हणतात, आणि बहुतेक संस्थांतून विद्यार्थ्याला आठवड्यांतून साधारणतः दोन दिवस त्यासाठीं द्यावे लागतात. तो काय करतो? समजा, एक बाई मुलाच्या शाळेची फी मागावयास आली. सद्भावनेचा मनुष्य खिशांत हात घालील. शिकलेला कार्यकर्ता प्रथम ऐकून घेईल, घरीं जाईल, आणि त्याला कळेल कीं नवऱ्याला क्षय झाला आहे, त्याची नोकरी गेली आहे, आणि मुलगा शाळा सोडून कोठें तरी कामास जाऊं लागला आहे. फी दिली असती तरी मूल शाळेंत टिकलें नसतें. उपचार, रजेचा हक्क, मुलाची शाळा हे तीन धागे एकदम धरावे लागतात, आणि तेहि त्या बाईच्या संमतीनें, तिचा मान राखून. विद्यार्थ्यानें या सर्वाची नोंद लिहावयाची, ती जाणत्या मार्गदर्शकानें तपासावयाची, आणि चूक कोठें झाली तें दोघांनीं बसून पाहावयाचें. हें घरांत पाहून येत नाहीं. ही विद्या आहे.

विद्येला पुढें वृत्ति, म्हणजे उपजीविका, कशी मिळाली तेंहि पाहूं. १९३७ सालीं संस्थेनें मुलांच्या मानसिक अडचणींसाठीं मार्गदर्शन केंद्र काढलें. १९४६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. मुंबई इलाख्यांत मुलांसाठीं कायदा १९२४ पासूनच होता. निराधार व गुन्ह्यांत सांपडलेल्या मुलांची चौकशी करण्यास जाणतीं माणसें हवीं होतीं. १९४८ च्या कारखाने कायद्यानें पांचशें किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणें बंधनकारक केलें. कायदा जसजसा दुर्बलांच्या बाजूनें बोलूं लागला, तसतशी त्याची अंमलबजावणी करणाऱ्या शिकलेल्या माणसाची गरज पडली. ज्याला घरसंसार आहे, त्यालाहि आतां सेवेचें काम पगार घेऊन, उजळ माथ्यानें करतां येऊं लागलें. विशेषतः शिकलेल्या स्त्रियांना शिक्षिका व परिचारिका यांखेरीज एक नवा मार्ग खुला झाला.

पगार आला म्हणजे कळकळ जाते, अशी भीति पुष्कळांनीं बोलून दाखविली आहे. तिचा कस लवकरच लागला. १९४७ सालीं फाळणीनंतर कुरुक्षेत्राच्या छावणींत निर्वासितांचे लोंढे येऊन पडले, तेव्हां या संस्थेचे शिक्षक व विद्यार्थी तेथें कामास गेले. तंबू, धान्य, लस, हरवलेलीं माणसें, भेदरलेलीं मुलें, अशा गर्दींत कळकळ तर लागतेच; पण याद्या कशा कराव्या, रांग कशी लावावी, दुःखी माणसाला प्रश्न कसा विचारावा, हेंहि लागतें. त्या छावणींत दोन्ही गोष्टींची जरूर होती.

संस्थेचें पुढील वृत्त थोडक्यांत असें. जगदीशन मोहनदास कुमारप्पा हे तिचे पहिले हिंदी संचालक. १९४४ सालीं तिला 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' हें नांव मिळालें. १९५४ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें देवनारच्या वास्तूचें उद्घाटन झालें. १९६४ सालीं, मा. स. गोरे हे संचालक असतां, तिला विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला, आणि पदविकेच्या जागीं पदव्युत्तर पदवी आली. दरम्यान १९५५ सालीं मुंबईंत निर्मला निकेतन व १९६३ सालीं पुण्यास कर्व्यांच्या नांवानें समाजसेवा संस्था निघाली. १९८६ सालीं टाटा संस्थेनें तुळजापूर येथें ग्रामीण केंद्र उघडलें; त्यामुळें शिक्षणाची दृष्टि चाळीकडून शिवाराकडेहि वळली.

या शिक्षणावर टीकाहि झाली, आणि ती अगदींच निराधार नव्हती. अभ्यासक्रमाचा सांचा अमेरिकन. एकेका व्यक्तीची अडचण सोडविण्यावर त्याचा भर. आपल्याकडे दारिद्र्य व जातिभेद हे एकट्यादुकट्याचे आजार नव्हेत. एकेक रोगी तपासून सांथ हटत नाहीं, असें टीकाकार म्हणत. संस्थांनीं हें हळूहळू मानलें. १९८४ सालीं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयांत स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं विशेष कक्ष सुरू झाला, आणि पोलीसठाण्याची पायरी चढण्यास भिणाऱ्या स्त्रीला तेथें शिकलेली समाजकार्यकर्ती भेटूं लागली. पुढें असे कक्ष राज्याच्या अनेक जिल्ह्यांत गेले. १९९६ सालीं मुंबईंत मुलांसाठीं १०९८ या दूरध्वनि क्रमांकाची सेवा निघाली. दोन्ही कामांचा उगम टाटा संस्थेच्या क्षेत्रकार्यांत आहे. एका मुलाची हांक ऐकतां ऐकतां सबंध देशासाठीं व्यवस्था उभी राहूं शकते, हें त्यांतून दिसलें.

आतां आपल्या मिरा-भाईंदरकडे येऊं. नागपाड्यांत ती पहिली तुकडी बसली, तेव्हां हें नगर नव्हतेंच. मिठागरें, भातखाचरें, उत्तनच्या किनाऱ्यावर कोळ्यांचीं गांवें, काशीकडे डोंगराच्या कडेला आदिवासी पाडे, असा तो मुलूख. १९८५ सालीं येथें नगरपरिषद झाली, २००२ सालीं महानगरपालिका, आणि २०११ च्या शिरगणतींत लोकसंख्या आठ लाखांच्या घरांत गेली. मुंबईंत जागा परवडेना म्हणून लोक येथें आले. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईच्या जुन्या मोहल्ल्यांतून अनेक मुस्लिम कुटुंबें मिरा रोडच्या नया नगरांत आलीं. इतक्या थोड्या काळांत इतकीं माणसें एकत्र आलीं कीं इमारती उभ्या राहतात, पण शेजार उभा राहण्यास वेळ लागतो. दिवसभर एकटे राहणारे वृद्ध, पाड्यांतील कागदपत्रांवाचून अडलेलीं कुटुंबें, मासळीच्या धंद्यांतील स्त्रियांच्या अडचणी, घरांतला छळ मुकाट्यानें सोसणारी विवाहिता: १९२७ सालीं नागपाड्यांत ज्या 'शेजारघरा'ची जरूर भासली, तीच जरूर येथें नव्या रूपानें आहे.

म्हणून या नगरांतील एखादी मुलगी सकाळची लोकल गाठून चर्चगेटच्या बाजूस किंवा गोवंडीमार्गें देवनारला हें शिक्षण घेण्यास निघाली, तर घरच्यांनीं तिला अडवूं नये. मात्र कांहीं गोष्टी नीट विचारून घ्याव्या. ज्या संस्थेंत प्रवेश घ्यावयाचा, तेथें क्षेत्रकार्य किती दिवस व कोणत्या ठिकाणीं होतें? विद्यार्थ्याच्या नोंदी कोण तपासतो? शिकून बाहेर पडलेले लोक कोठें कामाला आहेत, कायम कीं कंत्राटी? कारण या पेशांतील पुष्कळ जागा अजूनहि तात्पुरत्या असतात, आणि वेतन जबाबदारीच्या मानानें अपुरें असतें. हा दोष विद्येचा नव्हे, तो आपला आहे. मोडलेलें हाड बसविणाऱ्यास आपण आनंदानें पैसे देतों. मोडलेलें घर सांवरणाऱ्यानें मात्र तें पुण्य म्हणून करावें, अशी आपली अपेक्षा असते.

मराठींत वृत्ति या शब्दाचे अर्थ दोन: एक उपजीविका, आणि दुसरा मनाची ठेवण. व्रताच्या काळानें मनाची ठेवण दिली, नागपाड्याच्या शाळेनें तिला विद्या जोडून दिली. उपजीविकेचा भाग समाजानें पुरा करावयाचा आहे, आणि तो अद्याप पुरा झालेला नाहीं.