नवापूरचे नऊ वेळचे खासदार

मामांच्या लेखी दिल्ली म्हणजे माणिकराव. शिक्षकाची नोकरी संपल्यावर मामा-मामी नाशिकला आले, पण मामांच्या गप्पांची गाडी काही नवापूर सोडत नाही. सुरत-भुसावळ मार्गावरचं ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावरच्या बाकड्याच्या मधोमध दोन राज्यांची रेघ. "आम्ही बसायचो महाराष्ट्रात, पिशवी ठेवायचो गुजरातेत," हे मामा प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

माणिकराव होडल्या गावित याच तालुक्यातले, धुडीपाड्याचे. जन्म 1934 चा. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद असं करत 1980 मध्ये आमदार झाले आणि पुढच्याच वर्षी पोटनिवडणुकीतून लोकसभेत गेले. तिथून 2009 पर्यंत लागोपाठ नऊ वेळा. त्यांचा नंदुरबार मतदारसंघ म्हणजे तेव्हा काँग्रेसचा गड. 1977 च्या जनता लाटेतही तो ढळला नव्हता. "इंदिराबाईंचा पंजा दिसला की शिक्का बसलाच," मामा म्हणतात. मग माणिकरावांचं स्वतःचं काय, असं विचारलं की जरा घुश्शात येतात. "माणूस आपला होता. दारात उभं राहायला भीती वाटायची नाही. अजून काय पाहिजे?"

मामी याच मतदारसंघातल्या, पण डोंगरातल्या धडगावकडच्या. त्यांना पुष्कळ काही पाहिजे होतं. बाळंतीण अडली की बांबूला झोळी बांधून डोंगर उतरायचा, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. कुपोषणाच्या बातम्यांत धडगाव-अक्कलकुव्याची नावं सारखी यायची. सरदार सरोवराच्या पाण्यात याच दोन तालुक्यांतली 33 गावं सापडली. मामी भांडी लावता लावता म्हणतात, "नऊ वेळा दिल्लीला गेले, आमच्या डोंगरावर किती वेळा आले ते विचारा."

मला दोघांचंही पटतं, आणि राग येतो तो तिसऱ्याच गोष्टीचा. माणिकरावांना केंद्रात पहिलं मंत्रिपद मिळालं 2004 मध्ये, आठव्यांदा निवडून आल्यावर! तेही गृह खात्याचं राज्यमंत्रिपद. साखरपट्ट्यातला कोणी एवढा थांबला असता का? हमखास निवडून येणाऱ्या, न कुरकुरणाऱ्या माणसाला पक्षाने हमखास गृहीत धरलं. 2009 मध्ये ज्येष्ठतेमुळे ते हंगामी लोकसभाध्यक्ष झाले. त्यांना शपथ देणाऱ्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील जळगावच्या, म्हणजे दोघंही खानदेशातले. मामांची कॉलर त्या दिवशी ताठ होती. खुर्ची मात्र जेमतेम दोन-तीन दिवसांची.

2014 मध्ये भाजपच्या डॉ. हीना गावितांनी त्यांना हरवलं. तोवर माणिकरावांची मुलगी निर्मला गावित आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीची आमदार झाली होती. 2019 मध्ये ती शिवसेनेत गेली, मुलगा भरत भाजपमध्ये. यावर मामा बोलत नाहीत. पेपरची घडी घालतात.

17 सप्टेंबर 2022 ला माणिकराव गेले, ते नाशिकच्याच रुग्णालयात. मामा हळहळले. मामी म्हणाल्या, "शेवटी दवाखान्यासाठी त्यांनाही नाशिकच गाठावं लागलं."

2024 मध्ये नंदुरबार पुन्हा काँग्रेसकडे आलं. नवे खासदार गोवाल पाडवी, धडगाव-अक्कलकुव्याचे आमदार राहिलेल्या के. सी. पाडवींचे चिरंजीव. मामांनी पेढे आणले. मामींनी एक उचलला आणि विचारलं, "आता तरी पावसाळ्यात एसटी आमच्या पाड्यापर्यंत चढंल का?"