अंड्याचे कवच आणि पुण्याचा उन्हाळा

पुण्याच्या ज्या नारायण पेठेतील सोवळ्याच्या स्वयंपाकघरांत अंड्याला एके काळी मज्जाव होता, त्याच पेठेच्या शहरात मुख्यालय असलेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती 1982 साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उभी राहिली, ही आपल्या आहारेतिहासातील मोठी घटना मी मानतो. अंड्यांचा असा संघटित व्यवसाय होण्यापूर्वी परसात हिंडणारी गावरान कोंबडी माती उकरून, चुनखडीचे खडे टिपून क्षारांची गरज स्वतःच भागवी. पिंजऱ्यात आल्यावर मात्र ती सर्वस्वी मालकाच्या दाणागोट्यावर अवलंबून राहिली.

तिला घर्मग्रंथी नसल्यामुळे वैशाखाच्या उष्म्यात ती धापा टाकते, त्या धापांसरशी कर्बाम्ल वायू अतिरिक्त बाहेर पडून रक्ताची अल्कता वाढते, कवचास लागणारे कॅल्शियम व बायकार्बोनेट अपुरे पडते, आणि भूक मंदावल्याने खाद्यातूनही ते कमीच मिळते. म्हणून प्रत्येक कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम वेचणाऱ्या या जीवासाठी शिंपल्यांचा चुरा, खाण्याचा सोडा, पोटॅशियम क्लोराइड, जस्त आणि मँगनीज यांची तजवीज करावी लागली. त्यांतही चुरा भरडच हवा, कारण कवच मुख्यतः रात्री घडते, आणि पेषणीत रेंगाळलेले तुकडे त्या वेळी सावकाश विरघळत राहतात.