जुन्या ट्रॅक्टरला कोणता बॉक्स ब्लेड झेपेल?

बॉक्स ब्लेड म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे जोडायचे, खालून उघडे लोखंडी खोके. दोन्ही बाजूंना जाड पत्रे, मागे आडवे पाते, पुढे माती उकरणारे दाते. साध्या पात्याची माती बाजूला सांडत जाते. हा ब्लेड ती धरून ठेवतो आणि उंचवट्यावरची माती खोलगट जागी नेऊन सोडतो. नांदेड-लातूरकडे शेताचे सपाटीकरण, खळे किंवा पाणंद नीट करणे अशा कामांसाठी तो सोयीचा आहे.

महिंद्रा २६५, स्वराज ७३५, मॅसी १०३५ असे साधारण ३० ते ४० एचपीचे जुने ट्रॅक्टर असले की "किती फुटी घ्यावा?" हा प्रश्न येतो. उत्तर बॉनेटवरच्या एचपीत शोधू नये. हळू चालून माती ओढायची असते तेव्हा मागच्या चाकांवर किती वजन आहे आणि टायरला किती नक्षी उरली आहे, यावर काम ठरते. सहा फूट रुंद, दीड फूट उंच आणि तेवढाच खोल ब्लेड काठोकाठ भरला, तर सुट्या मातीचेच वजन चारशे किलोंच्या पुढे जाते.

रुंदी ठरवण्यासाठी मागच्या टायरांचे बाहेरून बाहेर माप घ्यावे. साडेपाच फूट भरले तर सहा फुटी ब्लेड. त्याहून अरुंद घेतला तर चाकाच्या खुणा शेतात तशाच राहतात.

झेपतो की नाही, हे शेतातच कळते. टायरवर खडूने खूण करून ब्लेड उचललेल्या स्थितीत चाकाचे दहा फेरे मोजावेत. समजा ४० मीटर अंतर झाले. आता भरलेला ब्लेड ओढत पुन्हा दहा फेरे. अंतर ३४ मीटर आले तर चाक १५ टक्के घसरले, इथपर्यंत ठीक. त्याहून जास्त घसरत असेल तर कमी माती घ्यावी. नाहीतर डिझेल आणि टायर दोन्ही जातात.

जोडणीच्या पिना आधी मोजाव्यात. लहान वर्गाच्या ब्लेडची खालची पिन २२ मिलिमीटरची, मोठ्या वर्गाची २८ ची. फरक असेल तर योग्य मापाचा बुश घालावा. ढिली पिन भोक खाते. हायड्रॉलिकची परीक्षा सोपी आहे: ब्लेड उचलून इंजिन बंद करावे आणि जवळ कोणालाही उभे राहू देऊ नये. काही मिनिटांतच तो खाली बसला तर तेल गळते आहे, आधी लिफ्ट दुरुस्त करावी. ब्लेड उचलल्यावर पुढची चाके हलकी होऊन स्टेअरिंग लागेनासे झाले तर पुढे वजन लावावे. उतारावर हा धोका जिवावर बेतू शकतो.

सपाटीकरणात लिव्हर पोझिशन कंट्रोलवर ठेवावा. ड्राफ्टवर ठेवला तर कठीण जागी ब्लेड आपोआप वर येतो आणि शेतात लाटा उठतात. टॉप लिंक आखूड केली की दाते जास्त रुततात, लांब केली की मागचे पाते माती गुळगुळीत करते.

काळ्या मातीत वापसा पाहूनच उतरावे. ओली माती खोक्याला चिकटते, वाळली की ढेकळे दगडासारखी होतात. आणि शेत अगदी सपाट करू नये, थोडा उतार ठेवावा. काळ्या रानात पाणी साचले की सोयाबीन पिवळे पडते. माथ्यावरच्या हलक्या रानात तर जास्त खोल खरवडले की खालचा मुरूम उघडा पडतो.